पोळीसारखी वळणारी गाडी

कलकत्त्याचे रस्ते तेव्हा पहाटे धुतले जात. नळाला जाड पाइप लावून माणसं नदीचं गढूळ पाणी रस्त्यावर सोडत आणि ट्रामचे रूळ चकाकायला लागत. अशा ओल्या रुळांवरून हलकी गाडी कशी जाते हे बघितल्याशिवाय ती विकत घेऊ नये, असं माझं तेव्हा मत होतं आणि आजही आहे. फक्त आता ते मला कोणी विचारत नाही.

लग्नाआधी, युद्धाच्या दिवसांत, मी पुण्याला लष्करी इस्पितळाची गाडी चालवत असे. खडकीहून स्टेशनवर जायचं, जखमी शिपाई उतरवून घ्यायचे आणि धक्का न बसू देता परत आणायचे. वळण कसं घ्यावं हे मी तिथं शिकले, कारण वळण चुकलं की मागून माणूस कण्हायचा. युद्ध संपलं, लग्न झालं, ह्यांच्या नोकरीमुळे कलकत्त्याला आलो. भवानीपूरला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे लांबट व्हरांडा, खाली ट्रामचा रस्ता. लायसन्स मात्र मी दर वेळी मुदत संपायच्या आत नवं करून आणत असे. हे हसायचे. "ते फ्रेम करून लाव," म्हणायचे.

त्यामुळे एका हिवाळ्यात, स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा, जेवताना हे जे बोलले ते मला आधी थट्टाच वाटली.

"अगं, आपण गाडी घेऊ या का?"

"कसली?"

"दोन माणसांची. उघडी. साहेबलोक विलायतेला परत चाललेत, चांगल्या गाड्या विकायला काढतात. आपल्याला झेपेल अशी मिळेल एखादी."

"ट्रामनं जाणाऱ्या माणसाला एकदम शर्यतीची गाडी?"

"चालवणार तू. मला सायकलपलीकडे काय येतं? तू बघ, तू चालव, तू ठरव. मी बाजूला बसेन."

मी वाढायचं थांबले. आमच्या लग्नाला तेव्हा सहाएक वर्षं झाली होती आणि 'तू ठरव' हे शब्द पडद्याच्या कापडापलीकडे कशाला वापरले गेले नव्हते.

"मुलगी कुठे बसेल?" मी विचारलं. आमची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती.

"ते बघू," हे म्हणाले. "मात्र कुणाला बोलू नकोस हं. आपली मराठी माणसं कशी आहेत तुला माहीत आहे. एकीला कळलं की गणपतीला येणाऱ्या सगळ्यांना कळतं. आधी गाडी दारात येऊ दे."

मला ते पटलं. कलकत्त्यातलं मराठी जग एका मोठ्या दिवाणखान्यात मावेल एवढंच होतं. मी कुणाला सांगितलं नाही. धुण्याच्या पावडरीपासून पाहुण्यांच्या पंगतीपर्यंत मी सगळ्याची यादी करते, तशी गाडीची केली. वळणावर तोंड कुठे जातं, शेपूट कुठे जाते. स्टिअरिंगला किती रिकामा खेळ आहे. ब्रेक दाबला की सरळ थांबते की एका बाजूला ओढते. ओले रूळ. आणि शेवटी, मौज येते का. ह्या शेवटच्या कलमाला हे हसले, पण मी ते खोडलं नाही. मौज नको असेल तर माणसानं टॅक्सी करावी.

पहिली गाडी अलीपूरला होती. लांब, मलईच्या रंगाची, युद्धापूर्वीची. नुसतं नाकच आमच्या व्हरांड्याएवढं. पदर कंबरेला खोचून आणि ह्यांचे कॅनव्हासचे बूट घालून मी बसले. विकणारे वृद्ध साहेब ह्यांच्याकडे बघूनच बोलत होते. सरळ रस्त्यावर गाडी अप्रतिम. मैदानातल्या रेड रोडवर, युद्धात जिथं विमानं उतरायची, तिथं ती अशी निघाली की ह्यांनी दाराची कड धरली. पण नदीकडे वळताना मी चाक फिरवलं तरी गाडीचं नाक आपलं सरळच. जोर लावून, जवळजवळ भांडून, ती वळवावी लागली.

"कशी आहे?" ह्यांनी विचारलं.

"बड्या घरच्या सासूसारखी. ऐकते, पण आधी स्वतःचं म्हणणं पुरं करते."

हे खूप हसले. मग म्हणाले, "जाड माणसाला हिच्यातून उतरता येईल का गं?"

"जाड माणूस कोण आहे आपल्यात?"

"तसं नाही. उद्या मी सुटलो तर?"

हे फडताळात मावतील एवढे सडपातळ. मी म्हटलं, तुम्ही सुटाल तेव्हा बघू.

पुढच्या रविवारी लाल गाडी बघितली. नवी, देखणी, सीट गादीसारख्या मऊ. पण स्प्रिंगाही तितक्याच मऊ. वळणावर सबंध गाडी एका अंगाला कलायची आणि वळण संपल्यावर सावकाश सरळ व्हायची, गंगेतल्या होडीसारखी. ब्रेक डावीकडे ओढत होता. मी तिच्यावर फुली मारली. ह्यांनी तेव्हाही एक विचित्र प्रश्न विचारला, की शेजारी बसलेल्या बाईचा अंबाडा वाऱ्यानं सुटेल का. मी म्हटलं, मी शेजारी बसणार नाही, चालवणार आहे. आणि मी वेणी घालते. "हो, हो, ते खरंच," हे घाईनं म्हणाले.

तिसरी गाडी हिरवी होती.

ती एका तरुण इंग्रज इंजिनियरची होती. तो नदीकाठच्या एका तागाच्या गिरणीत होता आणि महिन्याभरात मायदेशी परतणार होता. लहानशी, चौकोनी पाठीची, तारांच्या आऱ्यांची चाकं, पुढची काच आडवी पाडता येई. आम्ही ती घेऊन निघणार तोच तो ह्यांना म्हणाला, "मॅडमना सांगा, क्लच जरा वर पकडतो."

"मॅडमना कळलंय," मी इंग्रजीत म्हटलं. तो ओशाळला आणि मग मनापासून हसला. त्यानंतर तो माझ्याशीच बोलला.

त्या सकाळबद्दल मी थोडक्यात लिहू शकत नाही. गाडीच्या स्प्रिंगा कडक होत्या, रस्त्यातला प्रत्येक खडा पाठीला कळायचा. पहिला गिअर नीट वेळ साधल्याशिवाय पडत नव्हता, पण साधला की असा बसायचा की हाताला समाधान वाटावं. सरळ रेड रोडचं तिला काही वाटलं नाही, तिला वळणं हवी होती. नदीकाठच्या रस्त्यानं मी तिला घाटांवरून, गोदामांच्या भिंतींमधून, गाढ झोपलेल्या बैलगाड्यांच्या कडेनं नेलं. वळवण्याचा विचार मनात यायचा आणि ती वळलेली असायची. शेपूट किंचित बाहेर जायची, बोटभर चाक परत दिलं की मुकाट्यानं आत यायची. थंडी होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी मोठ्यानं हसत होते. पुण्याच्या त्या इस्पितळी गाडीनंतर मी इतकी वर्षं हसलेच नव्हते की काय, असं मला वाटलं.

"सांग तरी कशी आहे," हे ओरडले. वाऱ्यात ओरडावंच लागत होतं.

"लाटणं बघितलंय चांगलं?" मी ओरडले. "चांगल्या लाटण्याखाली पोळी आपोआप फिरते. हातानं फिरवावी लागत नाही. तसं स्टिअरिंग आहे हिचं!"

हे मान डोलवत राहिले, ओठांत पुटपुटत, पाठ केल्यासारखे.

एक दोष होता. एस्प्लनेडला, जिथं सगळ्या बाजूंच्या ट्राम एकत्र येतात, तिथं तिची अरुंद चाकं ओल्या रुळाच्या खाचेत अडकू बघत होती. मी रूळ तिरके ओलांडून बघितले, मग मुद्दाम रुळांच्या जवळून समांतर नेऊन बघितली. ह्यांना दोनदा सांगितलं. "हिच्यात एवढंच सांभाळायचं. रूळ नेहमी तिरका कापायचा. चाक खाचेत गेलंच तर ब्रेक लावायचा नाही, एकदम वळवून बाहेर काढायचं."

गाडी परत देण्याआधी घरी थांबून सीटमागच्या सामानाच्या फळीवर मी मुलीला बसवून बघितलं. ती खाली रखवालदाराच्या बायकोपाशी थांबली होती. गुडघे पोटाशी घेऊन ती नीट बसली आणि "ही माझी खोली," म्हणाली. हे दुसरीकडे बघत होते.

आठवड्याभरानं संध्याकाळी ह्यांनी संदेश मिठाईचा पुडा आणला आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "ती हिरवी गेली गं. त्यानं दुसऱ्या कुणाला शब्द दिला होता."

मी दोन दिवस कुणाशी फार बोलले नाही. हे बिचारे मला समजावत राहिले. दुसरी बघू, पुढच्या हिवाळ्यात बघू. मला वाटलं, माझ्याइतकंच ह्यांनाही लागलंय. संदेश मी मुलीला दिले.

मग संक्रांत आली. ह्यांच्या कंपनीतले मोठे साहेब अंगानं चांगले सुटलेले. मराठीच, पण दोन पिढ्यांचे कलकत्तेकर. त्यांच्या बालीगंजच्या घरी दर वर्षी हळदीकुंकू असे आणि त्याला जायचंच असे. साहेबांच्या पत्नीला आम्ही सगळ्याजणी वहिनी म्हणायचो. ठसठशीत, मोठ्या अंबाड्याची, मनानं मोकळी बाई. मराठी बोलायच्या पण आश्चर्य बंगालीत करायच्या.

मी कुंकू लावून घेतलं, तिळगूळ घेतला, वाण म्हणून दिलेली पितळी पळी हातात धरली, आणि वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ओ मा! तुमचे उपकार फिटायचे नाहीत हो. तुमच्या ह्यांनी तीन रविवार खपून आमच्यासाठी गाडी शोधली!"

"गाडी?" कुणीतरी विचारलं.

"अगं, खेळातली वाटते अशी. दोघांपुरती. ह्यांना क्लबातल्या साहेबांच्या बघून हौस आली. आता ह्यांनी स्वतः गाड्या बघत फिरणं बरं दिसत नाही, म्हणून हिच्या नवऱ्यावर सोपवलं. त्यांनी प्रत्येक गाडी स्वतः चालवून बघितली. आणि काय म्हणाले माहीत आहे? चांगल्या लाटण्याखाली पोळी फिरते, तशी म्हणे ही गाडी वळते!" त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे हसत होते, मनात काही नव्हतं. "खरं सांगा, घरी पोळ्या तुमचे हेच लाटतात की काय?"

सगळ्याजणी हसल्या.

"हो ना," मी म्हटलं. "रविवारी."

आणखी हसल्या. मी पळीचा दांडा इतका घट्ट धरला होता की त्याची नक्षी तळहातावर उठली. जाड माणूस कोण, अंबाडा कुणाचा, कुणाला सांगू नकोस कशासाठी, हे सगळं एकामागून एक जागेवर येऊन बसलं. त्यासाठी विचारही करावा लागला नाही.

निघताना पोर्चमध्ये ती हिरवी गाडी उभी होती, टप उतरवलेली, धुवून पुसून. मी मुलीचा हात धरला होता तो तिनं सोडवून घेतला.

"आई, आपली गाडी!"

मी पोहोचेपर्यंत ती दारावरून चढून मागच्या फळीवर बसलीही होती, गुडघे पोटाशी घेऊन. साहेबांच्या मोठ्या गाडीचा शोफर धावत आला. "बेबी, उतरो, उतरो. साहब का नया गाड़ी है।" मी तिला उचलून काढलं. ती सबंध रस्ताभर विचारत होती की आपली गाडी त्यांच्याकडे का ठेवली आहे.

घरी आल्यावर मी आवाज चढवला नाही. मुलीला जेवू घातलं, पान वाढलं आणि विचारलं.

ह्यांनी नाकारलं नाही. नाकारलं असतं तर बरं, असं मला नंतर पुष्कळदा वाटलं.

"साहेबांना मी काय सांगणार होतो? माझी बायको गाड्या चालवून बघेल? त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता."

"मग मला सांगायचंत. साहेबांसाठी बघायची आहे म्हणून. मी बघितली असती."

"बघितली असतीस," हे म्हणाले, "पण अशी नाही. तू परक्याची गाडी म्हणून पंधरा मिनिटं चालवली असतीस आणि बरी आहे म्हणाली असतीस. स्वतःची म्हणून चालवलीस म्हणून ते सगळं सांगू शकलीस. पोळी आणि लाटणं. साहेब इतके खूष झाले त्या वाक्यावर."

ते अगदी समजावणीच्या सुरात बोलत होते. आपण काही हुशारीचं केलं आणि त्यातली हुशारी बायकोला दिसत नाही, एवढंच त्यांना वाटत होतं.

"आणि तो दोष सांगितलात? रुळांचा?"

"दोष कशाला सांगायचा? घ्यायची ठरली होती." मग भात कालवता कालवता, खाली बघून म्हणाले, "एक अडचण झालीय मात्र. साहेब म्हणतात, येत्या रविवारी तुम्ही चालवा, मला ती वळणं घेऊन दाखवा."

मी आमटी वाढली.

"हात मुरगळला म्हणतो झालं. तू जरा हळदीचा लेप लावून दे. नुसतं फडकं बांधलं तर खोटं वाटेल."

मी लेप लावून दिला. रविवारी सकाळी हळद गरम केली, त्यात तेल-मीठ कालवलं आणि ह्यांच्या धडधाकट मनगटावर जाड थर देऊन स्वच्छ फडकं बांधलं. का लावून दिला, असं मला माझ्या मुलीनं मोठेपणी विचारलं. नवऱ्याची नोकरी म्हणजे आमच्या घराचं छप्पर होतं. त्याहून मोठं कारण मला तेव्हा सुचलं नाही, आताही सुचत नाही.

साहेब हिरवी गाडी घेऊन स्वतःच खाली आले. गिअर बदलतानाचा कर्कश आवाज मला दुसऱ्या मजल्यावर ऐकू आला आणि माझे दात आंबले. हे हात गळ्यात अडकवून खाली उतरले, मीही मागोमाग गेले. साहेबांनी हळहळ केली. त्यांना दिसलं, माझी नजर गाडीवरून हलत नाही.

"वहिनी," ते मला म्हणाले, "तुम्ही चला एक फेरी मारायला. ह्यांना राहू दे विश्रांतीला. भिऊ नका, मी हळू चालवीन."

"नको, नको, तिला कशाला," हे एकदम म्हणाले.

मी दार उघडून बसले होते.

डाव्या बाजूला बसून ती गाडी कशी असते हे मला माहीत नव्हतं. साहेब गाडीशी झटापट करत होते. क्लच पुरता न दाबता गिअर ओढायचे, आणि दर वेळी माझा डावा पाय रिकाम्या फळीवर दाबला जायचा. रस्ता नुकताच धुतलेला होता. भवानीपूरहून मैदानाकडे जाताना ते ट्रामच्या रुळांच्या अगदी कडेनं, समांतर चालले होते. मी म्हटलं, "साहेब, रूळ तिरका कापा." इंजिनच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. पुढचं चाक खाचेत गेलं. गाडी आमची राहिली नाही, रुळांची झाली. समोरून ट्राम येत होती, तिची घंटा वाजायला लागली, आणि साहेबांनी तेच केलं जे कुणीही करेल. ब्रेकवर पाय दाबला. मागची शेपूट सुटली.

"ब्रेक सोडा!" मी ओरडले, त्यांच्या हातांवरून हात घालून चाक धरलं आणि झटक्यानं डावीकडे ओढलं. त्यांनी पाय उचलला, देवाची कृपा. पुढचं चाक उडी मारून खाचेबाहेर आलं, शेपूट आमच्या मागून झोकांडी खात गेली, मी बोटभर चाक परत दिलं आणि ती आत आली. ट्राम घंटा वाजवत बाजूनं गेली. आम्ही फुटपाथला लागून उभे होतो.

साहेब घामानं निथळले होते. थंडीत. बराच वेळ ते माझ्या हाताकडे बघत राहिले. हात अजून चाकावर होता.

"पोळी," शेवटी ते म्हणाले. "त्या दिवशी चालवत कोण होतं?"

मी हात काढून घेतला.

"पण ते तर म्हणाले होते," साहेब सावकाश बोलले, "की तुम्हांला गाडीची भीती वाटते. गाडीत बसलं की तुम्हांला घेरी येते. म्हणूनच घरी गाडी घेत नाही म्हणून."

खाली उतरून साहेबांनी गाडीला वळसा घातला आणि माझ्या बाजूचं दार उघडून धरलं. "घरापर्यंत तुम्ही न्या," ते म्हणाले. "मी इकडे बसतो."

मी नेली. उगाच नम्रपणा केला नाही. एक फेरी जास्तच घेतली, मैदानावरून नदीकडे आणि परत, रूळ दर वेळी तिरके कापत. गाडी तशीच होती, बोटाला वळणारी. मी मात्र हसत नव्हते. यादीतलं शेवटचं कलम त्या दिवशी मला कोरं ठेवावं लागलं असतं.

हे व्हरांड्यात उभे होते. गाडी लांबून दिसताच त्यांनी हात हलवला, बांधलेलाच. मग कोण चालवतंय ते दिसलं आणि हात हवेतच राहिला.

साहेबांनी ह्यांना वर येऊन काही विचारलं नाही. नंतरही कधी नाही, निदान माझ्यासमोर. ते मला नमस्कार करून निघून गेले. गाडी त्यांनी उन्हाळ्याआधी विकली असं वहिनींकडून कळलं. कुणाला, ते मी विचारलं नाही.

मी वर आले. हे खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर.

"मला गाडीची भीती वाटते?" मी विचारलं. "घेरी येते?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शरमही नव्हती, नुसता थकवा होता.

"काहीतरी सांगायला हवंच होतं ना," हे म्हणाले.

मी त्यांच्या मनगटाचं फडकं सोडलं, लेप धुवून काढला. खालचा हात अगदी चांगला होता, फक्त पिवळा. फडकं साबणानं दोनदा धुतलं, पण हळद निघाली नाही, म्हणून ते मी ओटा पुसायला घेतलं. मग कणीक भिजवायला बसले, कारण अकरा वाजून गेले होते आणि मुलगी भुकेली होती.